विरोधक फुटलेले असले तर सरकार पडतं का?

परवा आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीत नोंदी झाल्या, चहा आला आणि गाडी नेहमीप्रमाणे गॅसच्या दरावरून राजकारणावर घसरली. आमच्या गटात भाजीचा गाळा चालवणारी एक मैत्रीण आहे. शिक्षण सातवी, पण हिशोबाला एकदम पक्की. ती म्हणाली, "ताई, एक विचारू? सरकारवर माझा राग आहे. पण विरोधात एक का आहेत? चार जण उभे राहणार आणि एकमेकांचेच पाय ओढणार. आमचे हे म्हणतात, त्यांना मत देणं म्हणजे मत पाण्यात घालणं. खरं का हो?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. केल्याचा हा एक तोटा! उत्तर द्यायलाच लागतं. त्या वेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं, पण माझंच समाधान झालं नाही. घरी आल्यावर कुकर लावता लावता मला आमच्या घरातलं १९९९ साल आठवलं. मैत्रिणींनो, तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका वर्षात दडलेलं आहे.

माझं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सासरी आल्यावरचं माझं पहिलं मतदान. आमचे सासरे जुने काँग्रेसवाले. गांधी टोपी, खादीचा सदरा, आणि पंजा सोडून दुसरीकडे शिक्का मारणं म्हणजे पाप. त्या वर्षी जूनमध्ये शरद पवारांनी काँग्रेसमधून बाहेर पडल्यावर राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष काढला, आणि आमचे थोरले दीर घड्याळाकडे गेले. झालं! एका छपराखाली दोन पक्ष. सकाळी सासऱ्यांकडे कार्यकर्ते यायचे, ते ओसरीवर बसायचे. संध्याकाळी दिरांचे यायचे, ते माडीवर. चहा मात्र एकाच स्वयंपाकघरातून जायचा. जाऊबाई आणि मी दिवसभर कपबशा विसळत असायचो. बापलेक जेवायलासुद्धा एका पंगतीला बसत नव्हते. सासूबाई दोघांना वाढून वाढून कंटाळल्या होत्या.

सरकार तेव्हा शिवसेना-भाजप युतीचं होतं. १९९५ मध्ये मोठ्या आशेनं आलेलं. एक रुपयात झुणका-भाकर, पाच जीवनावश्यक वस्तूंचे भाव स्थिर, अशी बायकांच्या मनाला भिडणारी आश्वासनं देऊन. पण साडेचार वर्षांत लोकांच्या मनातला उत्साह ओसरला होता. फेब्रुवारी १९९९ मध्ये मुख्यमंत्रीही बदलले. मनोहर जोशींच्या जागी नारायण राणे आले. मग केंद्रातली निवडणूक लागली तेव्हा युतीनं ठरवलं, आपणही मुदतीच्या सहा महिने आधी विधानसभा घेऊन टाकू. समोर काँग्रेस दुभंगलेली, याहून चांगली वेळ कोणती?

आमच्या गावात सगळे हेच म्हणत होते. दोन काँग्रेस भांडणार, युती आरामात येणार. सासरेसुद्धा रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या पुटपुटायचे, "आपणच आपलं घर जाळलं."

निकाल लागला तेव्हा सगळ्यांचे अंदाज चुकले. २८८ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला ७५, राष्ट्रवादीला ५८, शिवसेनेला ६९ आणि भाजपला ५६. युतीच्या सगळ्या मिळून १२५. फुटलेल्या विरोधकांच्या १३३! बहुमताला लागतात १४५. दहा-बारा दिवस नुसती बोलणी चालली होती. शेवटी दोन्ही काँग्रेस, शेकाप, छोटे पक्ष आणि काही अपक्ष एकत्र आले आणि १८ ऑक्टोबरला विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. उपमुख्यमंत्री राष्ट्रवादीचे छगन भुजबळ.

दुसऱ्या दिवशी आमच्या चौकात एकाच फलकावर पंजा आणि घड्याळ शेजारी शेजारी! सासूबाई देवळातून येताना तो फलक बघून आल्या. काठी कोपऱ्यात ठेवत म्हणाल्या, "म्हणजे दोन महिने आपण उगीचच दोनदा चहा केला म्हणायचा." जाऊबाई आणि मी पदरात तोंड लपवून हसत सुटलो. बापलेकांचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं होतं.

तर फुटलेल्या विरोधकांपुढे सरकार पडू शकतं का? हो, पडू शकतं. मी ते माझ्या घरात पाहिलंय. पण एवढं सांगून भागत नाही, कारण त्याच दिवशी, त्याच मतदान केंद्रावर याच्या उलटही घडलं होतं.

विधानसभा आणि लोकसभा दोन्हींचं मतदान तेव्हा एकदमच झालं. आम्हा बायकांच्या हातात दोन मतपत्रिका होत्या, दोन्हींवर शिक्का मारून घड्या घालून दोन पेट्यांत टाकायच्या. मतदार तेच, दिवस तोच, पक्ष तेच. तरीही लोकसभेला महाराष्ट्रातल्या ४८ पैकी २८ जागा युतीला मिळाल्या, आणि काँग्रेसला १० व राष्ट्रवादीला ६. म्हणजे लोकसभेला फूट महागात पडली, विधानसभेला तेवढी पडली नाही. असं का झालं?

वाजपेयींविषयीची आपुलकी आणि कारगिलचं युद्ध, ही कारणं होतीच. पण एक कारण साधं हिशोबाचं आहे. आपल्याकडे एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ येतात. समजा, त्यातल्या तीन तालुक्यांत पंजाचं वजन आहे आणि तीन तालुक्यांत घड्याळाचं. विधानसभेला दोघंही आपापल्या तालुक्यात निवडून येऊ शकतात. पण लोकसभेला सहाही तालुक्यांची मतं एकाच हंड्यात पडतात. तिथं अर्धी पंजाला, अर्धी घड्याळाला, आणि मधल्यामधे तिसराच निवडून येतो. ज्यांची ताकद वेगवेगळ्या वाड्यांवर आहे, त्यांची फूट कमी बाधते. एकाच वाडीत दोघं भांडले तर दोघंही जातात. भाजीवालीला हे लगेच पटलं. ती म्हणाली, "दोन गाळे एकमेकींना लागून असले तरच गिऱ्हाईक फुटतं. एक बाजारात आणि एक स्टँडवर असला तर दोन्ही चालतात."

तरी नुकसान होतंच, हेही सांगायला हवं. त्या विधानसभेला काँग्रेसला सुमारे २७ टक्के आणि राष्ट्रवादीला साडेबावीस टक्के मतं होती. दोन्ही मिळून जवळजवळ निम्मी. युतीला ३२ टक्क्यांच्या आसपास. निम्मी मतं असूनही दोघांना बहुमत गाठता आलं नाही, दुसऱ्यांच्या दारात जावं लागलं. एकत्र लढले असते तर तशी वेळ आली नसती. घर विभागलं की चुली दोन होतात आणि सरपण दुप्पट लागतं, तसंच हे.

आता दिल्लीकडे बघू. वर्ष तेच, १९९९. जयललितांच्या पक्षानं पाठिंबा काढल्यावर वाजपेयी सरकारनं लोकसभेत विश्वासदर्शक ठराव मांडला. १७ एप्रिलला मतदान झालं. सरकारच्या बाजूनं २६९, विरोधात २७०. एका मतानं सरकार पडलं! मायावतींच्या पक्षानं ऐनवेळी विरोधात मत दिलं, ते त्या दिवशी फार गाजलं. त्या वेळी आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारच्या घरी अख्खी आळी जमली होती. मला आठवतं, तिथल्या एक काकू म्हणाल्या होत्या, "बघा, एका मताला किंमत असते. आणि आमच्या घरात म्हणतात, तुझ्या एकटीच्या मतानं काय होणारे!"

पण पुढचं ऐका. सरकार पाडायला २७० जण एक झाले. नवं सरकार बनवायची वेळ आली तेव्हा ते एक राहिले नाहीत. सोनिया गांधींनी २७२ खासदारांच्या पाठिंब्याचा दावा केला, पण मुलायमसिंहांच्या समाजवादी पक्षानं काँग्रेसच्या नेतृत्वाला पाठिंबा द्यायला नकार दिला. दावा हवेतच विरला. लोकसभा बरखास्त झाली, निवडणूक लागली, आणि ऑक्टोबरमध्ये तेच वाजपेयी आधीपेक्षा भक्कम होऊन परत पंतप्रधान झाले.

यात मला एक गोष्ट दिसते. "नको" म्हणायला एकमत लागत नाही. प्रत्येकाचं "नको" वेगळ्या कारणाचं असलं तरी त्याची बेरीज होते. "हवं" म्हणायचं तर मात्र कोण हवं, कशासाठी हवं, यावर बसून ठरवावं लागतं. सरकार पाडायला बेरीज पुरते. चालवायला जुळवून घ्यावं लागतं, आणि ते किती अवघड असतं हे एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला दुसऱ्यानं सांगायची गरज नाही.

आमच्या सासऱ्यांना याचा जुना अनुभव होता. ते १९७८ सालची गोष्ट सांगायचे. तेव्हाही दोन काँग्रेस वेगवेगळ्या लढल्या होत्या. जनता पक्ष ९९ जागा घेऊन सगळ्यांत मोठा ठरला, पण निकालानंतर दोन्ही काँग्रेस एकत्र बसल्या आणि मार्चमध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. ते सरकार जुलैपर्यंतच टिकलं. आतूनच फुटलं आणि शरद पवार पुलोदचे मुख्यमंत्री झाले. म्हणून १९९९ मध्ये फलक बघून सासरे म्हणाले होते, "बघू, किती दिवस टिकतंय." आघाडी टिकली, चांगली पंधरा वर्षं टिकली. पण तिलाही जून २००२ मध्ये विश्वासमताच्या परीक्षेला बसावं लागलंच होतं.

पुढे २०१४ मध्ये हा खेळ उलट्या बाजूनं रंगला. सत्तेतल्या आघाडीवर लोक नाराज होते. सप्टेंबरमध्ये शिवसेना-भाजपची जुनी युती तुटली, म्हणजे विरोधक फुटले. त्याच दिवशी आघाडीही मोडली. चौघंही स्वतंत्र लढले. तरी सत्ता गेली ती सरकारवाल्यांचीच. भाजपला १२२, शिवसेनेला ६३, काँग्रेसला ४२, राष्ट्रवादीला ४१. महिनाभर शिवसेना विरोधी बाकांवर बसली आणि डिसेंबरात सत्तेत सामील झाली. निवडणुकीत एकमेकांना काय काय बोलले होते, ते आपण विसरलो नव्हतो, पण ते विसरले.

आणि २०२४ मध्ये? लोकसभेला महाविकास आघाडी एकत्र लढली आणि ४८ पैकी ३० जागा मिळवल्या. महायुतीला १७ च मिळाल्या. सरकार डळमळलं असं सगळेच म्हणत होते. विरोधक नोव्हेंबरमध्ये विधानसभेलाही एकत्रच होते. पण मधल्या काळात "लाडकी बहीण" योजना आली, बायकांच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये जमा व्हायला लागले. निकालात महायुतीचे तीन मोठे पक्ष मिळून २३० वर गेले आणि आघाडी पन्नाशीच्या आत आली. यामागची कारणं प्रत्येक जण वेगळी सांगतो, मी त्यात पडत नाही. पण आपल्या प्रश्नापुरतं एवढं नक्की कळतं, की विरोधकांची एकी म्हणजे सरकारचा पराभव असं गणित नाही, आणि विरोधकांची फूट म्हणजे सरकारला अभय असंही नाही.

मग सरकारं पडतात कशानं? मला वाटतं, आधी लोकांच्या मनातून उतरतात आणि मग मतपेटीतून. फूट आणि एकी हे नंतरचं. आणि कित्येकदा तर विरोधकांची गरजच लागत नाही, घरातलेच पुरतात. जून २०२२ मध्ये राज्यातलं सरकार गेलं ते शिवसेनेतल्या फुटीमुळे, हे आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं.

इथपर्यंत मोठ्यांच्या गोष्टी झाल्या. एक लहान गोष्ट सांगते, कारण मला यातलं खरं दुखणं तिथं कळलं.

आमच्या तालुक्यातल्या एका गावात कामानिमित्त माझं जाणं-येणं होतं. २०११ सालची गोष्ट. सरपंचपद बाईसाठी राखीव. सरपंचबाई जरा फटकळ, पण कामाच्या. नवऱ्याला खुर्चीवर बसू द्यायच्या नाहीत, सही स्वतः वाचून करायच्या. नळयोजनेची फाईल त्यांनी पंचायत समितीत खेटे घालून पुढे सरकवली होती. पण चुकाही होत्या. कुणाला विश्वासात घ्यायच्या नाहीत. नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत हळूहळू नाराजी वाढली. एका गटाला विहिरीची जागा पटली नव्हती. दुसऱ्या गटाला ठेका मिळाला नव्हता. तिसऱ्या गटाला आपल्या भावकीतली सून सरपंच करायची होती. तिघांचं आपसात पटत नव्हतं, पण बाई नकोत यावर सात जण एक झाले. अविश्वास ठराव आला, सात हात वर गेले, बाई पायउतार झाल्या.

त्यानंतर नवा सरपंच कोण? तीन गटांच्या तीन सुना. पहिली बैठक भांडणात गेली. दुसऱ्या बैठकीला पुरेसे सदस्यच आले नाहीत. कारभार उपसरपंचांकडे आणि फाईल कपाटात. उन्हाळा आला. ज्या नळाचं पाणी चैत्रात यायचं होतं, त्याच्या नावानं बायका वैशाखात दीड कोसावरच्या विहिरीवर हंडे घेऊन जात होत्या.

त्या सातांत दोन बायका होत्या. त्यातली एक मला विहिरीच्या वाटेवर भेटली, डोक्यावर दोन हंडे. मी काही विचारलं नव्हतं, तीच थांबली आणि म्हणाली, "ताई, बाई चुकत होत्या हे खरंच होतं. मी हात वर केला त्याचं वाईट वाटत नाही. पण पुढं काय, हे हात वर करायच्या आधी मी कुणालाच विचारलं नाही." एवढं बोलून ती चालायला लागली. ते वाक्य मी आजवर विसरले नाही.

मैत्रिणींनो, सरकार बदलणं हा आपला हक्क आहे. न आवडलेल्या सरकारला, ते कुठल्याही पक्षाचं असो, घरी पाठवायची ताकद आपल्या बोटावरच्या शाईत आहे. विरोधक फुटलेत म्हणून गप्प बसायचं कारण नाही, आणि "मत वाया जाईल" या भीतीनं दुसऱ्याच्या सांगण्यावरून शिक्का किंवा बटण दाबायचं तर मुळीच कारण नाही. मत वाया जात नाही. हरलेल्याला मिळालेलं मतही मोजलं जातं, आणि जिंकलेल्याला आपण किती मतांनी वाचलो हे कळतं. तेवढ्या धाकानंही पाच वर्षं बरी जातात.

पण मत देण्याआधी एक प्रश्न विचारायचा. "निवडून आल्यावर तुम्ही कुणाबरोबर बसणार?" आपल्या राज्यात बरीचशी लग्नं मतमोजणीनंतर लागतात, मग वऱ्हाड्यांना आधी विचारायला नको का? २०१९ मध्ये एकत्र लढलेली युती निकालानंतर मोडली आणि एकमेकांविरुद्ध लढलेले एकत्र आले. तेव्हा दिलेल्या उत्तराची खात्री नसते, मला माहीत आहे. तरी विचारायचं. चारचौघींसमोर दिलेला शब्द मोडताना माणूस थोडा तरी अडखळतो. आणि दुसरा प्रश्न, "एकत्र आलात तर आमच्या पाण्याचं, एस.टी.चं, दवाखान्याचं काय ठरवून एकत्र येणार?"

हे सगळं मी पुढच्या बैठकीत गटाला सांगितलं. भाजीवाली मैत्रीण ऐकून घेत होती, काही बोलली नाही. मग संक्रांतीला गावातल्या एका इच्छुक उमेदवाराच्या घरी हळदीकुंकू होतं. वाण म्हणून स्टीलचे डबे. आम्ही सगळ्या गेलो होतो. उमेदवाराच्या सौभाग्यवती दारात उभ्या राहून प्रत्येकीला म्हणत होत्या, "लक्ष असू द्या हं." हिची पाळी आली. हिनं कुंकू लावून घेतलं, तिळगूळ घेतला, डबा घेतला आणि शांतपणे विचारलं, "वहिनी, साहेब निवडून आल्यावर कुणाबरोबर बसणार?"

मागच्या रांगेतल्या बायका एकदम गप्प झाल्या. वहिनी हसल्या, गोंधळल्या, म्हणाल्या, "अगं बाई, ते आम्हाला कुठं माहीत? ते हेच ठरवतील."

"मग विचारून ठेवा," ही म्हणाली. "मी परवा गाळ्यावर आहेच. तुम्ही भाजीला याल तेव्हा सांगा."

घरी येताना तिनं डबा पिशवीत टाकला आणि मला म्हणाली, "ताई, डबा घेतला म्हणून मत द्यायला लागतं असं कुठं लिहिलेलं नाही ना?"

मी म्हटलं, "नाही बाई. अजून तरी नाही."